दारात महामार्गाचं काम : आवाज, धूळ, हादरे आणि अर्ज यांबद्दल कराड-साताऱ्याकडचे नेहमीचे प्रश्न

पुणे-बंगळूर महामार्गाचं सहापदरीकरण, कराडात कोल्हापूर नाक्यावरचा जुना उड्डाणपूल पाडून मलकापूरच्या बाजूने नवा पूल, ठिकठिकाणी भुयारी मार्ग आणि उपमार्ग. ही कामं झाली पाहिजेत, याबद्दल दुमत नाही. वाढे फाट्यापासून पेठ नाक्यापर्यंत रोज ये-जा करणाऱ्याला ते सांगावंही लागत नाही. प्रश्न आहे तो कामाच्या कडेला घर असलेल्यांचा. त्यांच्याकडून येणारे प्रश्न बहुतेक तेच ते असतात, म्हणून उत्तरं एकत्र लिहिली आहेत. सुरुवातीलाच एक सांगून ठेवतो : 'काम बंद करा' असा अर्ज फायलीत पडून राहतो, 'रात्री दहानंतर ब्रेकर (काँक्रीट फोडायचं यंत्र) बंद ठेवा' असा अर्ज साहेबाला निकाली काढावाच लागतो. पुढचं सगळं याच फरकाभोवती आहे.

रात्री ब्रेकर, पोकलेन, काँक्रीटचं काम चालू ठेवता येतं का?

वस्तीत नाही. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० यांत २०१० साली ५अ हा नियम घातला गेला. त्यानुसार निवासी भागात आणि शांतता क्षेत्रात रात्रीच्या वेळी आवाज करणारी बांधकाम यंत्रं वापरायची नाहीत. रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. तिथे रात्री हॉर्न वाजवण्यावरची बंदीही याच नियमात आहे.

यातली मेख फार थोड्यांना माहीत असते. दिवसाच्या आवाजाबद्दल तक्रार करायची तर तो ठरलेल्या मर्यादेपेक्षा १० डेसिबल किंवा त्याहून जास्त आहे, हे दाखवावं लागतं. रात्रीच्या निर्बंधाचा भंग झाला असेल तर नियम ७ प्रमाणे तेवढंच तक्रारीला पुरेसं आहे, मोजमापाची अट नाही. रात्री पावणेबाराला ब्रेकर चालू असल्याचा व्हिडिओ, त्यात वेळ आणि ओळखू येईल अशी जागा दिसली, की काम भागतं. 'किती डेसिबल होता ते आणा' असं कोणी म्हणालं तर नियम ७ ची प्रत पुढे ठेवा.

ठेकेदाराचा माणूस म्हणतो, दिवसा वाहतूक असते, रात्रीच काम करावं लागतं. मग?

यात थोडं तथ्य आहे. पुलाचा गर्डर (आडवी तुळई) चढवायचा असेल तर खालची वाहतूक थांबवावी लागते, आणि दिवसा या रस्त्यावर ते करणं म्हणजे खंबाटकीपर्यंत रांग लावणं. अशा कामाला आडवं जाऊ नये, असं माझं मत आहे. लोकांची सहानुभूती जाते आणि अपघाताची भीतीही खरीच असते. पण गर्डर चढवणं हे मोजक्या रात्रींचं काम. जुनं काँक्रीट फोडणं, सळई कापणं, खडीचे डंपर रिकामे करणं यांचा रात्रीच्या वाहतुकीशी काही संबंध नसतो. ते रात्री चालतं कारण दिवसाचं काम उरकलेलं नसतं.

म्हणून मागणी अशी करा : रात्री कोणतं काम अपरिहार्य आहे त्याची यादी द्या, तारखा निदान आठवडाभर आधी उपमार्गावर फलक लावून कळवा, बाकीची कामं सकाळी सहा ते रात्री दहा या वेळेत घ्या. जनरेटर घराच्या बाजूला नको, रस्त्याच्या मध्यात ठेवा, आणि तो कॅनॉपीतलाच, म्हणजे आवाज अडवणाऱ्या बंद पेटीतलाच हवा. ठरलेल्या मानकाप्रमाणे अशा डिझेल जनरेटरचा आवाज एक मीटरवर ७५ डेसिबलच्या आत असला पाहिजे. डंपरचा रिव्हर्स हॉर्न सुरक्षिततेसाठी असतो, तो बंद करायला सांगू नका. त्याऐवजी डंपरना मागे घ्यावंच लागणार नाही अशी आत-बाहेरची वाट आखायला सांगा. हे खरंच जमण्यासारखं असतं, फक्त कोणी विचारलेलं नसतं.

दिवसाची मर्यादा किती?

निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. व्यापारी भागात ६५ आणि ५५, शांतता क्षेत्रात ५० आणि ४०, औद्योगिक भागात ७५ आणि ७०. हे आकडे ठरावीक वेळेतल्या सरासरी आवाजाचे आहेत, क्षणभराच्या दणक्याचे नव्हेत.

आता अडचण. महामार्गाच्या कडेच्या घरात काम सुरू होण्याआधीही ५५ कधी नव्हते. शिवाय खाली गाळे आणि वर घरं अशा पट्ट्याला विकास आराखड्यात व्यापारी रंग दिलेला असू शकतो. तुमचा गट किंवा सर्व्हे नंबर कोणत्या वापरात दाखवलाय, हे नगरपरिषदेच्या नगररचना विभागात आधी पाहून घ्या. निवासी धरून अर्ज केला आणि समोरून 'हा भाग व्यापारी आहे' असं उत्तर आलं, की दोन महिने तिथंच जातात.

मोबाईलमधल्या अ‍ॅपचा आकडा चालतो का?

पुरावा म्हणून नाही, अंदाज म्हणून चालतो. फोनचा माइक बोलणं टिपायला बनवलेला असतो, मोठ्या आवाजाला तो दबतो. दोन फोन शेजारी ठेवले तर दोन आकडे दिसतात. अधिकृत मोजमाप महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ किंवा पोलीस त्यांच्या तपासलेल्या मीटरने करतात. मंडळाची उपप्रादेशिक कार्यालयं साताऱ्यातही आहेत आणि सांगलीतही.

अ‍ॅपपेक्षा वही कामाची. तारीख, सुरू झाल्याची वेळ, बंद झाल्याची वेळ, कोणतं यंत्र, कोणत्या खांबाजवळ, आणि घरात काय झालं. 'पहाटे ३.१०, पी-१४ खांब, ब्रेकर, बाळ उठलं' एवढ्या शब्दांत. चार घरांनी वेगवेगळी ठेवलेली वही जुळली, की तिला वजन येतं. त्या वहीवरून मंडळाच्या माणसाला नेमकं कधी यायचं तेही सांगता येतं. नाहीतर तो दुपारी दोनला मीटर घेऊन येतो, मजूर जेवायला गेलेले असतात, आणि अहवालात 'आवाज मर्यादेत' असं लिहिलं जातं.

डेसिबलचा हिशोब साधा नाही, हेही लक्षात ठेवा. तीन डेसिबल वाढले म्हणजे ध्वनीची ऊर्जा दुप्पट. दहा वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. त्यामुळे 'तीन-चार डेसिबलनं काय होतंय' हे उत्तर ऐकून घ्यायचं नाही. एखादं यंत्र घरापासून दुप्पट अंतरावर नेलं तर सुमारे सहा डेसिबल कमी होतात. जनरेटर हलवण्याचा आग्रह त्यासाठीच.

शेजारी दवाखाना आणि शाळा आहे. म्हणजे आपोआप शांतता क्षेत्र ना?

पूर्वी तसं समजलं जायचं. रुग्णालय, शैक्षणिक संस्था, न्यायालय यांच्याभोवतीचं किमान १०० मीटर. २०१७ च्या दुरुस्तीनंतर राज्य शासनाने तो भाग शांतता क्षेत्र म्हणून अधिसूचित केलेला असावा लागतो. म्हणून जिल्हाधिकारी कार्यालयाकडे आधी 'हे क्षेत्र अधिसूचित आहे का, असल्यास प्रत द्यावी' असा एक ओळीचा अर्ज द्या. नसेल तर संस्थेनेच आपल्या लेटरहेडवर मागणी करावी. मलकापुरात तर मोठं रुग्णालय महामार्गालाच लागून आहे. अशा ठिकाणी रहिवाशांच्या शंभर सह्यांपेक्षा डॉक्टरांच्या एका पत्राचा उपयोग जास्त होतो.

शाळेसाठी मागणी वेळेची करा. दहावी-बारावीच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असतात. त्या काळात केंद्रासमोर फोडाफोडीचं काम पेपरच्या वेळेत नको, एवढं लिहून दिलं तर सहसा कोणी नाही म्हणत नाही.

धुळीचं काय? टँकर येतो, पण सकाळी एकदाच.

राष्ट्रीय महामार्गाच्या कामाला रस्ते मंत्रालयाची मानक विनिर्देश पुस्तिका लागू असते. तिच्यातलं कलम १११ पर्यावरणाच्या काळजीचं आणि ११२ कामादरम्यानच्या वाहतुकीचं. धूळ दाबण्यासाठी पाणी मारणं त्या करारातच आलं. म्हणजे टँकर ही मेहेरबानी नाही, त्याचे पैसे निविदेत धरलेले आहेत.

उन्हाळ्यात एकदा मारलेलं पाणी दोन तासांत उडून जातं. 'नियमित पाणी मारावे' असं लिहिलं तर उत्तर 'नियमित मारले जाते' असं येणार. त्यापेक्षा सकाळी, दुपारी आणि शाळा सुटण्याच्या आधी असा वेळ घालून मागा, टँकरच्या फेऱ्यांची नोंदवही स्वतंत्र अभियंत्याने (ठेकेदाराच्या कामावर देखरेख ठेवणाऱ्याने) तपासावी असंही लिहा. डंपरवर ताडपत्री, मुरुमाच्या ढिगावर झाकण, बॅरिकेडला हिरवं कापड, दगड आणि पेव्हर ब्लॉक ओले करूनच कापणं, आणि उपमार्गावरचा कच्चा तुकडा आधी डांबरी करणं. यातलं शेवटचं सर्वांत महत्त्वाचं. धूळ कामातून जितकी उडते त्यापेक्षा जास्त कच्च्या डायव्हर्जनवरून जाणाऱ्या गाड्यांनी उडते.

हवेच्या मानकात १० मायक्रॉनपर्यंतच्या कणांची मर्यादा २४ तासांच्या सरासरीला घनमीटरमागे १०० मायक्रोग्रॅम आहे, २.५ मायक्रॉनच्या कणांची ६०. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत सांगली आहे, सातारा नाही. त्यामुळे सांगलीकरांना महापालिकेकडे 'त्या कार्यक्रमाच्या निधीतून इथं काय करताय' असं विचारायला एक जास्तीचा दरवाजा आहे.

खडी-डांबराचा प्लांट आणि आरएमसी (तयार काँक्रीटचा) प्लांट वस्तीजवळ टाकलाय.

दोन्हीला प्रदूषण मंडळाचं संमतीपत्र लागतं. त्यात जागा, क्षमता, धूळ रोखण्याची यंत्रणा आणि अटी लिहिलेल्या असतात. कलम १११ प्रमाणेही असे प्लांट वस्तीपासून आणि शेतीपासून पुरेसे दूर हवेत. प्रत मागवा आणि तिच्यातली एकेक अट प्रत्यक्षाशी ताडून पाहा. इथं वाद घालावा लागत नाही, कागदच बोलतो.

रोलर फिरला की भांडी वाजतात. भिंतीला भेगा गेल्या तर भरपाई मिळते?

मिळू शकते. पण भेग कामामुळेच पडली हे सिद्ध करणं आपल्याकडे जरा जास्त कठीण आहे. कृष्णाकाठची काळी माती उन्हाळ्यात आकसते, पावसाळ्यात फुगते. जुन्या घरांना त्यानेच तिरप्या भेगा पडतात. त्यात कोयनेचे लहान-मोठे धक्के. १९६७ चा भूकंप ज्यांनी सोसला त्या पिढीच्या घरांत तर भेग नाही अशी भिंत सापडणं मुश्कील. ठेकेदाराचा इंजिनिअर येतो, भिंतीकडे बघतो आणि म्हणतो, 'काका, ही तर जुनीच आहे.' आणि कधी कधी ते खरं असतं.

म्हणून काम तुमच्या घरासमोर यायच्या आधी नोंद करा. खोलीवार फोटो काढा, प्रत्येक फोटोत त्या दिवसाचं वर्तमानपत्र किंवा मोजपट्टी दिसू द्या. जी भेग आधीच आहे तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी रेघ मारा आणि शेजारी तारीख लिहा. मधे प्लास्टर ऑफ पॅरिसचा अंगठ्याएवढा ठिपका भेगेवर आडवा लावा. भेग हलली तर ठिपका तडकतो, आणि तो कधी तडकला ते तारखेवरून कळतं. विहीर, बोअर, पाण्याची टाकी, कंपाउंड यांचेही फोटो घ्या. ते सगळं एका अर्जासोबत महामार्ग प्राधिकरणाच्या प्रकल्प संचालकांकडे जमा करून पोच घ्या. काम झाल्यावर दाखवलेले फोटो आणि कामाआधी जमा केलेले फोटो यांच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

सोबत मागणी करा, की कामाच्या कडेच्या घरांची संयुक्त पाहणी व्हावी आणि कंपन मापक बसवावा. कंपन मिलिमीटर प्रतिसेकंद या एककात मोजतात. घराजवळ रोलरची कंपनं बंद ठेवून साधं दाबकाम करता येतं, थर पातळ घ्यावे लागतात इतकंच. पायलिंगही (जमिनीत पायाचे खांब घालणं) ठोकून न करता भोक पाडून करता येतं. 'कंपन बंद करून रोलर चालवा' ही मागणी साइटवरच्या सुपरवायझरला लगेच कळते.

झाडं तोडताहेत. हरकत कुठे घ्यायची?

नगरपरिषद किंवा महापालिकेच्या हद्दीत १९७५ चा महाराष्ट्र झाडांचे संरक्षण व जतन कायदा लागतो. वृक्ष प्राधिकरणाची परवानगी, झाडावर आणि वर्तमानपत्रात नोटीस, हरकतीला मुदत सात दिवसांची. नोटीस झाडाच्या खोडावर असते आणि ती वाचायला गाडीवरून खाली उतरावं लागतं, हीच खरी अडचण. ५० वर्षांवरचं झाड २०२१ च्या दुरुस्तीनंतर वारसा वृक्ष ठरतं, आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपं लावावी लागतात.

सांगली जिल्ह्यात मिरज तालुक्यातल्या भोसे गावचा जुना वड २०२० साली रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या आड आला होता. लोकांनी लावून धरलं आणि आखणी सरकवली गेली. पुढे तो वड उन्मळून पडला, ती गोष्ट वेगळी. आखणी सरकू शकते, हे मात्र कागदावर राहिलं.

जनसुनावणी का झाली नाही?

पर्यावरणीय परिणामांच्या मूल्यांकनाची २००६ ची अधिसूचना आणि तिच्या २०१३ च्या दुरुस्तीनुसार अस्तित्वातल्या राष्ट्रीय महामार्गाच्या रुंदीकरणाला पर्यावरणाची पूर्वमंजुरी (जनसुनावणी तिचाच भाग) तेव्हाच लागते, जेव्हा ते १०० किलोमीटरपेक्षा लांब असतं आणि ठरलेल्या रुंदीहून जास्त जादा जमीन लागते. शहरातला पूल पाडून नवा बांधणं त्यात बसत नाही. या मुद्द्यावर ताकद घालवू नका. ठेकेदाराच्या करारात पर्यावरण व्यवस्थापनाच्या जबाबदाऱ्या असतातच, त्या मागवा.

तक्रार नेमकी कोणाकडे?

रस्ता राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा असेल तर अर्ज प्रकल्प संचालकांच्या नावे. प्रती जिल्हाधिकारी, प्रदूषण मंडळाचे उपप्रादेशिक अधिकारी, नगरपरिषदेचे मुख्याधिकारी आणि पोलीस निरीक्षक यांना. साइटवर स्वतंत्र अभियंत्याचं कार्यालय असतं, त्याला प्रत द्यायला बहुतेक जण विसरतात आणि बिलांवर शेरा मात्र तोच मारतो. रात्री काम चालू असताना ११२, महामार्गाच्या अडचणीला १०३३. फोन केल्यावर तक्रार क्रमांक वहीत उतरवा. आवक शिक्का मारून घेतलेली प्रत जपून ठेवा. शिक्का नाही म्हणजे अर्ज दिलाच नाही.

नगरसेवक, आमदार यांना जरूर भेटा, पण हातात कागद घेऊन. नुसतं 'साहेब, लक्ष घाला' म्हटलं की साहेब फोन लावतात, दोन दिवस काम शांत होतं, तिसऱ्या रात्री पुन्हा सुरू. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो, तिथे तक्रारीची नोंद होते.

अर्जाचा मजकूर कसा असावा?

एका पानाचा. एका अर्जात तीनपेक्षा जास्त मागण्या नकोत. उदाहरणार्थ : 'आमच्या वसाहतीसमोर दि. ... ते दि. ... या काळात रात्री १० नंतर ब्रेकरचे काम झाले. नोंदवहीची प्रत व चित्रफीत सोबत जोडली आहे. हे ध्वनिप्रदूषण नियम, २००० मधील नियम ५अ चा भंग आहे. तरी रात्री १० ते सकाळी ६ ब्रेकर बंद ठेवण्याचे लेखी आदेश ठेकेदारास द्यावेत व त्याची प्रत आम्हास मिळावी.' शेवटचं वाक्य विसरू नका. प्रत मागितली की आदेश काढावा लागतो.

'आमचे जगणे असह्य झाले आहे' वगैरे लिहायचं असेल तर लिहा, मन मोकळं होतं. पण ते दुसऱ्या परिच्छेदात.

मी भाडेकरू आहे. आणि नाव उघड झालं तर?

घर तुमच्या नावावर असण्याची गरज नाही, त्रास होतो एवढं पुरे. ध्वनिप्रदूषणाची तक्रार करणाऱ्याचं नाव पोलिसांनी उघड करू नये, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सांगितलेलं आहे. तरीही लहान गावात नाव फुटतं. म्हणून अर्ज वसाहतीच्या नावे द्यावा आणि सह्या गोल काढाव्यात, पहिली सही कोणाची ते कळत नाही.

माहिती अधिकारात काय मागायचं?

महामार्ग प्राधिकरण केंद्राचं आहे, त्यामुळे अर्ज केंद्राच्या नियमांनी. शुल्क १० रुपयेच, पण आपल्याकडची सवयीची कोर्ट फी तिकिटं तिथे चालत नाहीत. पोस्टल ऑर्डर लावा किंवा ऑनलाइन भरा. उत्तराला ३० दिवस. मागा : पर्यावरणाच्या जबाबदाऱ्यांची करारातली पानं, स्वतंत्र अभियंत्याचे मासिक अहवाल, आवाज आणि हवेच्या मोजणीचे निष्कर्ष, ठेकेदाराला दिलेल्या नोटिसा. कामाची प्रत्यक्ष पाहणी करण्याचा अधिकारही याच कायद्यात आहे. 'का केले नाही' असं विचारू नका, ती माहिती नसते, तो प्रश्न असतो आणि त्या कारणाने अर्ज परत येतो.

एवढं करूनही काहीच हललं नाही तर?

दोन वाटा आहेत. सार्वजनिक उपद्रव म्हणून प्रांताधिकाऱ्यांकडे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली अर्ज (जुनं कलम १३३). ही वाट जवळची आणि स्वस्त. दुसरी, राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण. त्याचं पश्चिम विभागीय पीठ पुण्यातच आहे. अर्ज कारण घडल्यापासून सहा महिन्यांत करावा लागतो, भरपाई मागायची असेल तर पाच वर्षांत. वकील नसला तरी स्वतः उभं राहता येतं. पण तिथे जाताना आधीचे अर्ज, पोच आणि वही लागतेच.

पर्यावरण संरक्षण कायद्यात १ एप्रिल २०२४ पासून तुरुंगवासाऐवजी १० हजार ते १५ लाख रुपयांपर्यंत दंड आला आहे. ठेकेदाराला दंडापेक्षा जास्त भीती रोखलेल्या बिलाची असते, हे मात्र खरं.

डायव्हर्जनवरच्या पट्ट्यांमुळे रात्रभर खडखडाट होतो.

गतिरोधक पट्ट्या घरासमोरून पुढे सरकवायला सांगा. रिकामी ट्रॉली पट्ट्यांवरून गेली की आवाज दहा घरं ओलांडून जातो, आणि गळीत हंगामात तर रात्रभर. ट्रॅक्टरवरच्या टेपचा आवाज मात्र ठेकेदाराच्या खात्यात टाकू नका, तो आपल्याच भावकीचा असतो.

कडेच्या शेतात पिकावर धूळ बसते.

तलाठ्याकडे पंचनाम्याचा अर्ज, कृषी सहायकाची पाहणी, पिकाचे फोटो. कापणीच्या आत करा, नंतर दाखवायला काही उरत नाही.

पूल झाल्यावर आवाज कमी होईल का?

खालच्या हॉर्नचा होईल. वरून जाणाऱ्या गाड्यांचा आवाज आता दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या खिडकीसमोर येतो. सांध्यांवर चाक आपटल्याचा दणका वेगळाच. ध्वनिरोधक भिंत तेव्हाच काम करते, जेव्हा ती खिडकी आणि गाडी यांच्यामधली सरळ रेषा अडवते. ती कठड्यावर उभी करायची तर वाऱ्याचा भार कठड्याच्या आराखड्यातच धरावा लागतो. कठडा ओतून झाल्यावर मागणी केली तर 'आता तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही' हे उत्तर खरं असेल. म्हणून रुग्णालय, शाळा आणि पुलालगतच्या इमारतींसाठी भिंतीचा अर्ज खांब उभे राहत असतानाच द्या, आणि त्यासोबत सांध्यांच्या देखभालीचा दोषदायित्व कालावधी (बिघाड ठेकेदाराने दुरुस्त करून द्यायची मुदत) किती, तेही विचारून घ्या.